झिपरीच्या पोटातलं पाणी

२ सप्टेंबर

पोचले. सामान अजून पिशव्यांतच आहे. दादाच्या घरातली वरची खोली मला मिळालीय. वहिनीनं खिडकीपाशी टेबल सरकवून ठेवलंय आणि कपाटातली चक्क अर्धी फळी माझ्यासाठी रिकामी केलीय. वहिनीच्या कपाटात अर्धी फळी मिळणं हा लहानसहान मान नव्हे.

खिडकीतून दोन्ही टेकड्या दिसतात. टेकड्या म्हणायच्या आपल्या. खाण चालू होती तेव्हा खोदून वर टाकलेल्या दगडमातीचे ते ढीग. खाण बंद पडून एक पिढी उलटली. डावीकडची टेकडी दादानं घडवलेली. तो त्या कामाचा मुख्य इंजिनिअर. उतार एकसारखा केला, वर चांगली माती अंथरली, रोलर फिरवून ती दाबून बसवली, गवत पेरलं, कडेनं सिमेंटचा चर काढला. इतकी गुळगुळीत, की गावात तिला 'इस्त्रीवाली' म्हणतात. उजवीकडच्या ढिगाला कुणी हातच लावला नाही. ट्रकनी जसा माल ओतला तसा तो पडून राहिला आणि वाऱ्यानं, पाखरांनी आणलेल्या बियांतून त्यावर रान माजलं. तिचं नाव 'झिपरी'.

दोघींच्या पायथ्याशी खालची आळी. जोराचा पाऊस झाला की तिथल्या घरांत पाणी शिरतं, आणि सगळ्या गावाचं बोट झिपरीकडे. नगरपालिका म्हणते, झाडी काढा, बुलडोझर फिरवा, हिलाही इस्त्री करा. नोव्हेंबरातल्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचंय. त्याआधी पाण्याचा अभ्यास हवा, म्हणून मी.

नगराध्यक्षबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचं नाव ज्यांनी सुचवलं त्यांनी बजावून सांगितलंय. ही बाई कुणाची भीडभाड ठेवणार नाही, अगदी घरच्यांचीही." माझे कॉलेजचे सर असणार. मला इतकं ओळखणारं दुसरं आहे कोण?

दादा जेवताना एवढंच म्हणाला, "आलीस? बरं झालं." आणि ताटात बघत राहिला. मी आलेलं त्याला आवडलेलं नाही.

५ सप्टेंबर

दादानं इस्त्रीवाली दाखवली. गाडीच्या डिकीत हातभर लांबीची लोखंडी सळई होती. "ही कशाला?" विचारलं, तर म्हणाला, "साप असतात." त्या गवतात साप लपायचा तर आधी त्याला मुंगी व्हावं लागेल.  पण पहिल्याच आठवड्यात भांडण नको.

दिसायला टेकडी सुंदर आहे, खोटं का बोलू. हिरवीगार, एकाही दगडाचं टोक वर नाही. मी टाच रोवून पाहिली. टाच रुतली नाही, उलट घोट्यात कळ आली.

"काय?" दादा म्हणाला.

"काही नाही. टणक आहे."

"उतार खचू नये म्हणून दाबलीय. तसाच नियम होता."

"नियमाला मी काही म्हटलंय का?"

"तू म्हणत नाहीस. तुझ्या भुवया म्हणतात. लहानपणापासून."

झिपरीवर तो आला नाही. खाली गाडीला टेकून उभा राहिला आणि मी एकटी वर चढले. चढले कसली, धडपडले. ट्रकनी ओतलेला प्रत्येक ढिगारा अजून वेगळा ओळखू येतो, आणि दोन ढिगाऱ्यांच्या मधे खळगा. खळग्यांत ढोपरभर पालापाचोळा. खाली हात घातला तर ओल, आणि पाऊस होऊन तर बरेच दिवस झालेत! मुळं दगडांच्या फटींतून अशी घुसलीत की वाटावं, कुणीतरी सगळा ढीग शिवून ठेवलाय. केसांत काटक्या अडकवून खाली आले. दादा बघून हसला. "शोभतेस खरी झिपरीला." बऱ्याच वर्षांनी त्याला हसताना पाहिलं.

११ सप्टेंबर

दोन्ही टेकड्यांच्या पायथ्याच्या चरांत पोलादी पाट्या बसवल्या. पाटीच्या मधोमध त्रिकोणी खाच असते. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं त्यावरून, किती पाणी आलं, ते कळतं. साधं काम, पण अर्धी आळी बघायला गोळा झाली.

त्यात शिंपीणबाई पुढे. चराला लागूनच त्यांचं दुकान. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्यांसकट बोलतात.

"मोजून काय होणार? मला विचारा ना किती येतं! मशिनच्या पायडलपर्यंत येतं. गेल्या खेपेला एका मुलीच्या लग्नाचा पोशाख भिजला. पांढरा होता, मातीच्या रंगाचा झाला."

"पाणी नेमकं कुठून येतं ते बघतेय मी."

"कुठून म्हणजे? ती झिपरी काय उगाच उभी आहे? डोळ्यांना दिसत नाही का, नुसतं काटेरी भूत! तुमच्या दादांनी त्या बाजूला कसं छान केलंय. बहीण असून तुम्ही मोडता घालायला आलात होय?"

मी पाटीची खाच पुसत राहिले. घराच्या जिन्यावर पोचल्यावर तीन उत्तरं सुचली.

२० सप्टेंबर

पाऊस नाही. पाण्याची अभ्यासक आणि पाणीच नाही. वहिनीबरोबर वाटाणे सोलतेय.

२७ सप्टेंबर

काल हलका पाऊस. पाट्या बघायला गेले. इस्त्रीवालीच्या खाचेत गवताचा गुंता अडकला असणार, अशी भीती होती. अडकलेला होता, पण कुणीतरी काढून कडेला नीट ठेवला होता. चिखलात मोठ्या बुटांचे ठसे. माझ्या उपकरणांशी कुणीतरी खेळतंय. पालिकेच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणे, "मी पावसात कशाला बाहेर पडू?" हे मात्र पटलं.

दादाला सर्दी झालीय. त्याचे बूट बाल्कनीत वाळत आहेत. वहिनी काढा उकळताना म्हणाली, "तुम्हां दोघा भावंडांना पाऊस आला की घरात बसवत नाही." मी म्हटलं, माझं कामच आहे ते, दादाला काय झालंय? ती म्हणाली, "तेच तर." वहिनीची ही जुनी सवय, वाक्य अर्धंच सोडायचं.

६ ऑक्टोबर

 आजचं लिहायलाच हवं.

सकाळी आभाळ असं फुटलं की समोरचं घर दिसेना. रेनकोट अडकवून धावले. इस्त्रीवालीचा चर मी पोचेपर्यंत भरला होता. माझी पाटी दिसतच नव्हती, तिच्यावरून चहाच्या रंगाचं पाणी उड्या मारत जात होतं. गवताच्या त्या सुंदर उतारावरून पाणी चादरीसारखं घसरत होतं. थेंबभरही आत जात नव्हतं. तिथून धावत झिपरीपाशी गेले, आणि थबकले. तिच्या खाचेतून मनगटाएवढी धार. तीही स्वच्छ.

दोन्ही चर आळीच्या तोंडाशी एकत्र होतात. येणारा माणूस बघतो तेव्हा पाणी झिपरीच्या बाजूच्या वळणावरून आत शिरताना दिसतं. म्हणून तिच्यावर आळ. पाणी दुसरीचं, बदनामी हिची!

आळीत गुडघाभर झालं. शिंपीणबाई कापडाचे गठ्ठे माळ्यावर चढवत होत्या. मी शिडी धरली, मग मीही चढवले. त्या एकीकडे रडत होत्या आणि दुसरीकडे मला हुकूम सोडत होत्या. "रेशीम आधी! अहो, ते अस्तर आहे, ते बुडू दे!"

बाहेर पाहिलं तर चराच्या पलीकडे दादा. छत्री नाही, टोपी नाही. आळीकडे पाठ करून तो आपल्या टेकडीकडे बघत होता. मी हाक मारली. त्यानं ऐकलं नाही, की ऐकलं आणि वळला नाही, कळलं नाही.

७ ऑक्टोबर

सकाळपासून आकडेमोड. दोन्ही टेकड्या साधारण सारख्या मोठ्या, पाऊस दोघींवर तोच. इस्त्रीवालीनं बहुतेक सगळा खाली फेकला, तोही तासाभरात. झिपरीनं जवळजवळ सगळा गिळला आणि तिची धार आज, उन्हातही, कालइतकीच चालू आहे. मी खोलीत एकटी नाचले. खालून वहिनीनं विचारलं, "काय पडलं?"

मग जेवताना माती खाल्ली. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं, शब्द निवडायचे होते. त्याऐवजी ताट पुढ्यात आल्याबरोबर म्हणाले, "दादा, तुझी टेकडी म्हणजे पालथा घडा आहे. वर कितीही ओत, आत काही जात नाही. आळीत येणारं पाणी तुझं आहे."

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"माझं किती आणि झिपरीचं किती?"

सांगितलं. त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला, उठला आणि गच्चीवर गेला. ताटात सगळं तसंच. मी वहिनीला म्हटलं, "रागावला." ती म्हणाली, "राग असा नसतो गं त्याचा. रागात तो दोन पोळ्या जास्त खातो."

मला मात्र रडू आलं. दहा वर्षं त्यानं त्या उतारावर घालवली आहेत आणि मी एका वाक्यात धुऊन टाकली. बरोबर असणं आणि बरं वाटणं या दोन गोष्टी एका ताटात वाढत नाहीत, असं दिसतंय.

१२ ऑक्टोबर

पालिकेच्या सभागृहात प्राथमिक माहिती दिली. आळीतली माणसं खुर्च्यांवर, दाराशी, खिडकीत. तक्ते दाखवले. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात शिंपीणबाई उठल्या. टाचण्या काढून, म्हणजे प्रसंग गंभीर. "पाणी झिपरी गिळते म्हणता. मग ते जातं कुठं?"

"आत मुरतं."

"आत म्हणजे कुठं? एवढासा पाट खाली येतो म्हणता. बाकीचं आतच साठतंय ना? वर्षानुवर्षं! म्हणजे आमच्या डोक्यावर पाण्यानं फुगलेला दगडमातीचा डोंगर आहे. एक दिवस तो सगळा बसला आळीवर, तर?"

 सभागृहात एकच गलका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच सिद्ध केलं की झिपरीत पाणी मुरतंय, आणि आता त्याच कारणासाठी तिला सपाट करायची मागणी. वाईट हे, की प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. पाण्यानं फुगलेले ढीग घसरतात. आणि ते पाणी कुठं जातं, मला माहीत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "उत्तर आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मागून दादाचा आवाज. "पाणी कुठं जातं, हे शोधायचं झालं तर कसं शोधतात, ते आधी सांगा." सगळ्यांसमोर मला कोंडीत पकडलं सख्ख्या भावानं! पण तोंडून आपोआप उत्तर निघालं. रंग. पाण्यात रंग सोडायचा आणि तो कुठं निघतो ते बघायचं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग तसं करा. बैठकीपर्यंत उत्तर आणा. नाही मिळालं, तर बुलडोझर."

घरी येताना दादाशी बोलले नाही.

१५ ऑक्टोबर

रंग सोडला. विटकरी भुकटी असते, पाण्यात पडली की पोपटी हिरवी होते. डोळ्यांचे डॉक्टर तपासणीत हीच वापरतात, म्हणजे कुणाला अपाय नाही. आळीत घरोघरी सांगून आले, तरी एक आजोबा म्हणालेच, "म्हणजे आता विष."

झिपरीवरच्या सगळ्यांत मोठ्या खळग्यात ओतायची, तर वर भरपूर पाणी लागणार. मी बादल्या मोजत होते, तोच पाण्याचा टँकर आला, लांब पाइपासकट. "कुणी पाठवला?" ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी." अध्यक्षबाईंच्या ऑफिसातले कुणीतरी साहेब असतील. देव त्यांचं भलं करो.

हिरवं पाणी खळग्यात गोल फिरलं आणि बघता बघता खाली गेलं. झिपरीनं ढेकरही दिला नाही.

२१ ऑक्टोबर

पायथ्याच्या धारेत रंग नाही. खाणीच्या जुन्या खड्ड्यातल्या तळ्यात नाही. आळीतल्या बोअरच्या पाण्यात नाही. वाटेत मुलं विचारतात, "पाणीवाली मावशी, हिरवं झालं का?" मी म्हणते, होईल. चेहरा कसनुसा.

२९ ऑक्टोबर

नाही.

आज झिपरीवर भेगा शोधत फिरले. कुठं जमीन सरकलीय का, झाडांची खोडं वाकलीत का. सापडलं काही नाही, पण सापडेल या भीतीनं प्रत्येक खळगा दोनदा तपासला. शिंपीणबाईंचं खरं असलं तर? मला झिपरी आवडते म्हणून मी तिची बाजू घेतेय का? आवडणं हा काही पुरावा नव्हे. दर मोठ्या पावसात रेशीम वर चढवणारी बाई माझ्यापेक्षा डोळे उघडे ठेवून बोलत असेल. एक आळीभर माणसं खाली झोपतात. चूक झाली तर ती कागदावरची चूक नसेल.

हे सगळं जेवताना बोलून टाकलं. दादाशी अबोला होता, तो तसाच विरघळला. तो म्हणाला, "आणखी लांब बघ."

"लांब म्हणजे?"

"तू पायथा बघतेयस. पाणी पायथ्याशीच थांबेल, असं कुणी सांगितलं?"

मला शिकवतो! पण झोप लागेपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

४ नोव्हेंबर

आजचा दिवस!

सकाळी लांबच्या विहिरींची यादी करायला बसले होते, तेवढ्यात फोन. बस डेपोचा मॅनेजर. डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला, झिपरीच्या पाठीमागे बऱ्याच लांब. भाषा लिहिण्यासारखी नव्हती. मथितार्थ असा, की बसगाड्या धुवायच्या विहिरीचं पाणी हिरवं झालंय आणि पांढऱ्या बसवर पोपटी ओघळ आलेत, आणि याला जबाबदार कोण.

"मी!" मी किंचाळले. "मीच! काही धुऊ नका, मी आले!"

दादा दारातच होता, गाडीची किल्ली हातात. डेपोत पोचलो, तर रांगेत उभ्या बस, त्यांवर हिरवे पट्टे आणि त्यांच्याभोवती कमरेवर हात ठेवलेले ड्रायव्हर. मी विहिरीत वाकून पाहिलं. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती आणि पाणी पोपटाच्या पिसासारखं लखलखत होतं. मी मॅनेजरच्या गळ्यात पडले. तो बिचारा भांडायच्या तयारीत आलेला. त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"अहो बाई, बस शाळेच्या आहेत!"

"साबणानं जाईल. मी स्वतः धुऊन देते!"

"ही विहीर उन्हाळ्यातही आटत नाही," तो जरा निवळून म्हणाला. "आम्हांला वाटायचं, आमचं नशीब."

दादा विहिरीच्या कठड्यावर बसला होता. झिपरीकडे बघत, मग डेपोकडे, मग पुन्हा झिपरीकडे. हळूच म्हणाला, "इथं ओढा होता."

"कुठं?"

"इथून वर. झिपरीच्या जागेतून यायचा. खाण वाढली, ढीग पडला आणि ओढा खाली गाडला गेला. बाबा मला घेऊन तो ओलांडायचे. तू त्यांच्या कडेवर. तुझा एक बूट पाण्यात पडला होता आणि मी तो पकडायला धावलो होतो. सापडला नाही."

मला काहीच आठवत नाही. पण कळलं सगळं. झिपरीच्या पोटात पाणी साठत नाहीये. ते मुरतं, दगडांतून खाली झिरपतं, आणि खाली त्याला त्याची जुनी वाट सापडते. ढिगाखाली ओढा मेलेला नाही. इतकी वर्षं अंधारात वाहतोय.

बस धुतल्या. दादानंही धुतल्या, बाह्या सरसावून. एका ड्रायव्हरनं पाइप आमच्याकडे वळवला, मुद्दाम की चुकून, कोण जाणे. परत येताना आम्ही दोघं पोपटी होतो. वहिनीनं दार उघडलं, बघितलं आणि फक्त म्हणाली, "गालिच्यावर पाय ठेवलात तर बघा."

१४ नोव्हेंबर

बैठक झाली. जमेल तसं लिहिते.

विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत नेलं होतं. ते हातोहात फिरलं. ओढ्याची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या रांगांतली म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. एकाला तिथं मासे पकडलेले आठवले, दुसरा म्हणाला, तुला कधी मासा मिळाला होता? शिंपीणबाईंनी बरणी उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे तिला खालून दार आहे."

"हो. पाणी साठत नाही. वाहून जातं."

"मग माझी हरकत नाही. राहू दे भूत." आणि मग लगेच, "पण माझ्या दुकानात पाणी येतंय, त्याचं काय?"

मी दादाकडे बघायचं टाळलं. ही गोष्ट त्याच्यासमोर पुन्हा सगळ्यांना कशी सांगायची? तो आपणहून उठला. हातात ती सळई. कशाला आणली, मला कळेना.

"झिपरीसाठी जे बुलडोझर ठरवलेत ते रद्द करू नका," तो म्हणाला.  "ते माझ्या टेकडीवर पाठवा. मागे लांब दात बसवून. ही सळई माझ्या टेकडीत वीतभर जात नाही. मी सगळीकडे घालून पाहिलीय. दगड नाही लागत, आम्ही दाबलेली मातीच लागते. ती खोलवर फोडायची, उतार ओबडधोबड ठेवायचा आणि त्यावर झाडं लावायची. टेकडी मी केली. चूक माझी आहे. दुरुस्त मीच करणार."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "एवढं हिरवंगार काम पुन्हा उकरायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. इस्त्री कपड्याला करावी."

पहिली टाळी शिंपीणबाईंची. मग सगळं सभागृह. मी डोळे पुसत होते आणि कुणी बघत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत होते.

माझ्या तक्त्यांनी शेवटी दादाचं मन वळवलं, याचा अभिमान वाटतो. सगळीकडे सळई घालायला त्याला एवढ्यात वेळ कधी मिळाला, नकळे. तसा तो कामाला झपाटून लागणारा आहेच. वहिनीला म्हटलं, "बघ, आकड्यांपुढे कुणाचं चालत नाही." ती हसली आणि मला जवळ घेतलं. "हो गं बाई. आकड्यांनीच केलं सगळं."

२ मार्च

दादा एवढे महिने थांबला. ओली माती फुटत नाही, नुसती कापली जाते, म्हणून ती सुकायची वाट बघत होता. माझा मुक्काम पालिकेनं वाढवलाय, वहिनीनं दुसरी अर्धी फळीही दिलीय.

आज दात घातले. बुलडोझरमागे माणसाएवढे दोन वाकडे पोलादी दात. ते जमिनीत उतरले तेव्हा इंजिन कण्हलं आणि मग टेकडी फुटली. अक्षरशः फुटली. ताटाएवढी, पाटाएवढी ढेकळं वर आली, दहा वर्षांचं गवत उलटंपालटं झालं. दादा बाजूनं चालत होता. पहिल्या ओळीला त्याचा चेहरा बघवेना. तिसऱ्या ओळीला तो ऑपरेटरवर ओरडत होता, "अजून खोल! अजून! घाबरतोस काय!"

१० मार्च

रोपं लावायला सगळी आळी आली. खड्डा सपाट करू नका, ढेकळं फोडू नका, असं दादा घसा फुटेस्तोवर सांगत होता आणि लोक सवयीनं थोपटून थोपटून जमीन गुळगुळीत करत होते. शेवटी त्यानं स्वतः कुदळ घेऊन दोन रोपांभोवतीची जमीन विस्कटली. टेकडीला नवं नाव पडलंय, 'विंचरायची राहिलेली'.

२६ एप्रिल

सकाळपासून अंधारून आलं होतं. दुपारी कोसळला, ऑक्टोबरात होता तसा. खरं म्हणजे त्याहून जोराचा. पर्जन्यमापक साक्षीला आहे.

आम्ही दोघं आळीच्या तोंडाशी छत्र्या घेऊन उभे. एकेक दार उघडत गेलं, प्रत्येक दारात माणसं. कुणी वाळूच्या पोत्यांवर हात ठेवून, कुणी सामान माळ्यावर टाकून. सगळ्यांचे डोळे चरावर.

पाणी आलं. घोट्याएवढं झालं. मग पोटरीएवढं. दादानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठलेत. पाऊस वाढतच होता. आणि चर तिथंच थांबला. पोटरीच्या वर गेलाच नाही. वरती टेकडीवर प्रत्येक ढेकळामागे, प्रत्येक खाचेत पाणी उभं होतं आणि बघता बघता आत जात होतं.

पाऊस ओसरला तेव्हा शिंपीणबाईंच्या उंबऱ्याची बाहेरची बाजू ओली आणि आतली कोरडी होती. त्यांनी वाकून हात फिरवून खात्री केली. मग आत गेल्या, मशिनवर बसल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी मशीन हाणायला लागल्या. पायडल खडखडत होतं आणि समोरच्या घरातल्या बायका हसत होत्या, रडत होत्या. कुणीतरी पोतं चरात भिरकावलं. मग सगळ्यांनीच भिरकावली. मी ओरडत होते, "माझी पाटी! पाटीवर नको!" आणि कुणी ऐकत नव्हतं, आणि कुणी ऐकावं, असं मलाही वाटत नव्हतं.

३० एप्रिल

पाऊस थांबून चार दिवस कोरडे गेले. कडक ऊन. आज पाटी साफ करायला दादाच्या टेकडीच्या पायथ्याशी गेले. चर सुकलेला असणार, या टेकडीचा चर पाऊस थांबला की तासाभरात सुकायचा.

खाचेतून पाणी वाहत होतं.

करंगळीएवढी धार. स्वच्छ. वर आभाळात एक ढग नाही आणि टेकडी आपल्या पोटातलं पाणी हळूहळू, हात राखून, खाली देत होती. मी फोन केला. दादा बूट न घालता, घरातल्या चपलांवरच आला.  पाटीपाशी उकिडवा बसला, ओंजळ धरली, भरेपर्यंत धरून ठेवली. वेळ लागला, कारण धार लहान होती. भरल्यावर ती त्यानं माझ्यापुढे केली.

"बघ," तो म्हणाला, "हे पाणी माझं आहे."